प्रथमदंशी प्रेम: ‘लव्ह ॲट फर्स्ट बाइट’ या चित्रपटाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९७९ सालचा हा अमेरिकी चित्रपट पाहावा असे मी ओळखीच्या माणसांना अनेक वर्षे सुचवत आले आहे आणि दर वेळी जवळजवळ तेच प्रश्न माझ्याकडे येतात. ड्रॅक्युलावरचा विनोदी चित्रपट म्हणजे थट्टामस्करीच असणार, मग त्यात एवढे पाहण्यासारखे काय, हा त्यांतला पहिला. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून ते सगळे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. चित्रपटाचा शेवट शेवटच्या तीन उत्तरांत उघड केला आहे. तो आधी कळू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी तेवढी उत्तरे चित्रपट पाहून झाल्यावर वाचावीत.

हा चित्रपट नेमका कोणता आणि तो कोणी केला?

‘लव्ह ॲट फर्स्ट बाइट’ एप्रिल १९७९ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. स्टॅन ड्रॅगोटी यांनी त्याचे दिग्दर्शन केले आणि पटकथा रॉबर्ट कॉफमन यांनी लिहिली. काउंट ड्रॅक्युलाच्या भूमिकेत जॉर्ज हॅमिल्टन आहेत. ज्या तरुणीच्या तो प्रेमात पडतो त्या सिंडी सॉन्डहाइमचे काम सुझन सेंट जेम्स यांनी केले आहे. तिचा मनोविकारतज्ज्ञ आणि अर्धामुर्धा प्रियकर डॉ. जेफ्री रोझेनबर्ग हे पात्र रिचर्ड बेंजामिन यांनी, तर किडे खाणारा सेवक रेनफिल्ड आर्टी जॉन्सन यांनी रंगवला आहे. हा चित्रपट ‘अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स’ या कंपनीने वितरित केले. मोटारीत बसून पाहायच्या खुल्या चित्रपटगृहांसाठी स्वस्तातले भयपट आणि तरुणांचे चित्रपट पुरवण्यासाठी ही कंपनी १९५० च्या दशकापासून ओळखली जात होती. चित्रपट सुमारे दीड तासाचा आहे आणि त्यात मध्येच रेंगाळल्यासारखे कुठे वाटत नाही.

शीर्षक मराठीत कसे सांगावे?

इंग्रजीत ‘पहिल्या नजरेतले प्रेम’ या रूढ शब्दप्रयोगातला ‘नजर’ हा शब्द काढून त्या जागी ‘चावा’ हा शब्द घातला आहे. आपल्याकडे ‘प्रथमदर्शनी’ हा शब्द तयारच असल्यामुळे मी त्याचे ‘प्रथमदंशी प्रेम’ असे करते. ‘दर्श’ आणि ‘दंश’ इतके जवळ असताना हा श्लेष सोडून देणे मला जमलेले नाही.

कथा थोडक्यात काय आहे?

रुमानियातल्या कम्युनिस्ट सरकारला ड्रॅक्युलाचा किल्ला जिम्नॅस्टिक्सच्या प्रशिक्षणकेंद्रासाठी हवा असतो, म्हणून शेकडो वर्षे तेथे राहिलेल्या मालकाला सामान आवरून निघून जाण्याचा हुकूम मिळतो. नियतकालिकांतली छायाचित्रे पाहून तो न्यूयॉर्कमधल्या सिंडी नावाच्या मॉडेलच्या प्रेमात आधीच पडलेला असतो. आपली पूर्वीची प्रेयसीच या जन्मी सिंडीच्या रूपाने आली आहे, अशी त्याची खात्री असते. तेव्हा तो शवपेटीत पडून, रेनफिल्डला बरोबर घेऊन विमानाने अमेरिका गाठतो. विमानतळावर पेट्यांची अदलाबदल होते आणि ड्रॅक्युला जागा होतो तो न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या एका चर्चमध्ये, दुसऱ्याच कोणाच्या तरी अंत्यविधीच्या मधोमध. तेथून सुटून तो हॉटेलात उतरतो, सिंडीला शोधून काढतो आणि तिचे मन वळवू लागतो. तिचा डॉक्टर मित्र रोझेनबर्ग हा ड्रॅक्युलाच्या जुन्या वैऱ्याचा, व्हॅन हेल्सिंगचा, नातू निघतो. व्यवसायासाठी त्याने आडनाव बदललेले असते, पण आजोबांचे अपुरे राहिलेले काम पुरे करायची हौस त्याला दांडगी असते.

किल्ल्यातून हकालपट्टीचा प्रसंग खऱ्या इतिहासावर बेतलेला आहे का?

तो प्रसंग कल्पित आहे, परंतु त्यातली प्रत्येक वीट खऱ्या जगातून आणलेली आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीने जिम्नॅस्टिक्समध्ये पूर्ण दहा गुण मिळवले, आणि त्यानंतर बाहेरच्या जगाला रुमानिया म्हटले की दोनच नावे आठवत: एक ड्रॅक्युला आणि दुसरी नादिया. चित्रपटकर्त्यांनी या दोघांना एकाच घराच्या वादात समोरासमोर आणले. घर सरकारजमा होणे हेही त्या देशात नवलाचे नव्हते. ट्रान्सिल्व्हेनियातला ब्रान किल्ला, जो आज पर्यटकांना ‘ड्रॅक्युलाचा किल्ला’ म्हणून दाखवला जातो, तो कम्युनिस्ट राजवटीने १९४८ मध्ये राजघराण्याकडून काढून घेतला होता, आणि त्या घराण्याच्या वारसांना तो परत मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

आणखी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. ज्या पंधराव्या शतकातल्या राजावरून मूळ ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचे लेखक ब्रॅम स्टोकर यांनी हे नाव उचलले, त्या व्लाद त्सेपेशला रुमानियात राष्ट्रपुरुष मानले जाते. १९७६ मध्ये त्याच्या मृत्यूला पाचशे वर्षे झाली तेव्हा रुमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू याच्या सरकारने त्याचे गौरवपूर्वक स्मरण केले होते. म्हणजे पडद्यावर ज्याला घराबाहेर काढले जाते, त्याच्या ऐतिहासिक नावधारकाचा त्याच देशात त्याच दशकात मानसन्मान चालू होता.

आधी मूळ ‘ड्रॅक्युला’ वाचलेला किंवा पाहिलेला असणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, पण थोडी ओळख असेल तर गंमत दुप्पट होते. स्टोकर यांची कादंबरी १८९७ ची आहे. तिच्यातली नावे येथे घेतली आहेत, पण कथानकापुरता तिचा आधार फारसा नाही. या चित्रपटाचे खरे नाते आहे ते १९३१ च्या, बेला लुगोसी यांच्या ‘ड्रॅक्युला’शी. हंगेरीहून आलेल्या लुगोसींनी ही भूमिका आधी ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या नामांकित नाट्यगृहांच्या, रंगमंचावर गाजवली होती. त्यांचे संथ आणि जड इंग्रजी, उंच कॉलरचा काळा झगा, केस मागे चापून बसवलेले डोके आणि समोरच्याला खिळवून ठेवणारे डोळे ही सगळी ओळख त्यांनी पक्की केली. हॅमिल्टन तीच बोलण्याची ढब उचलतात. आर्टी जॉन्सन यांचे दात दाखवून घोगरे हसणेसुद्धा त्या जुन्या चित्रपटातल्या रेनफिल्डचे, म्हणजे ड्वाइट फ्राय यांचे आहे.

एक उदाहरण पुरेसे आहे. जुन्या चित्रपटात लांडग्यांचे ओरडणे ऐकून ड्रॅक्युला त्यांना ‘रात्रीची लेकरे’ म्हणतो आणि त्यांच्या संगीताचे कौतुक करतो. या चित्रपटाच्या सुरुवातीला ड्रॅक्युला पियानो वाजवत बसलेला असतो, बाहेर लांडगे ओरडत असतात, तो त्याच प्रेमळ सुरात रात्रीच्या लेकरांना साद घालतो आणि लगेच त्यांना गप्प बसायला सांगतो. ज्याने जुना चित्रपट पाहिलेला नाही त्यालाही येथे हसू येते, कारण घरात पोरांनी कालवा केला की वडीलधारे माणूस ज्या आवाजात ओरडते तोच तो आवाज असतो.

ड्रॅक्युलाच्या भूमिकेसाठी जॉर्ज हॅमिल्टनच का शोभतात?

हॅमिल्टन हे उन्हात रापलेल्या कांतीसाठी अमेरिकेत प्रसिद्ध होते. सूर्यप्रकाश ज्याला वर्ज्य, अशा पांढऱ्याफटक प्राण्याच्या भूमिकेत त्यांना पाहणे हाच तेथल्या प्रेक्षकांना पहिला धक्का होता. त्यांची रूपभूषा विल्यम टटल यांनी केली. टटल हे हॉलीवूडमधले नावाजलेले रूपभूषाकार होते आणि चेहरा विद्रूप न करता निस्तेज कसा करायचा हे त्यांनी येथे फार नजाकतीने दाखवले आहे.

परंतु माझ्या मते खरे कारण वेगळे आहे. हॅमिल्टन एकदाही प्रेक्षकांकडे डोळा मारत नाहीत. आपण विनोदी चित्रपटात आहोत हे त्यांच्या ड्रॅक्युलाला ठाऊकच नाही. तो जुन्या घराण्यातला, रीतीभाती सांभाळणारा, एकटा पडलेला उमराव आहे. स्त्री आली की तो उठून उभा राहतो, हाताचे चुंबन घेताना कमरेत वाकतो, शब्द जपून वापरतो. न्यूयॉर्क त्याला धक्के मारते, त्याच्यावर खेकसते, त्याला वेडा ठरवते, आणि तरीही त्याची अदब सुटत नाही. आपण हसतो ते त्याच्या भोवतीच्या जगाला. त्याच्याविषयी मात्र हळूहळू माया वाटू लागते. ही भूमिका कोणी जराही चेष्टेवारी नेली असती तर चित्रपट अर्ध्या तासात कोसळला असता.

यातला विनोद कोणत्या प्रकारचा आहे? एखादा प्रसंग सविस्तर सांगाल का?

शाब्दिक कोट्या आहेत, धावपळ आहे, पण सर्वांत पक्का विनोद आहे तो दोन प्रतिस्पर्ध्यांच्या बरोबरीचा. एका रेस्तराँमध्ये ड्रॅक्युला, सिंडी आणि रोझेनबर्ग हे तिघे एका टेबलावर येतात. ड्रॅक्युला नजरेने माणसाला भारून टाकू शकतो. रोझेनबर्ग मनोविकारतज्ज्ञ असल्यामुळे संमोहनाची विद्या त्यालाही येते. दोघेही आवाज खाली आणून, एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून, ‘तुम्हाला झोप येते आहे’ असे एकमेकांना बजावू लागतात. प्रेमाचा त्रिकोण असा पापण्यांच्या जोरावर लढला गेलेला मी अन्यत्र पाहिलेला नाही.

त्यानंतर रोझेनबर्ग ड्रॅक्युलाला पळवून लावण्यासाठी आजोबांच्या पोथीतले एकेक अस्त्र बाहेर काढतो. आरसा होतो, लसूण होते. मग तो क्रूस काढायच्या थाटात खिशातून काहीतरी काढून पुढे धरतो, आणि निघतो तो यहुदी धर्माचे चिन्ह असलेला सहा टोकांचा तारा. रोझेनबर्ग यहुदी असल्यामुळे त्याच्या खिशात तेच असणार. ड्रॅक्युला घाबरत तर नाहीच, उलट सिंडीचा नाद सोडून एखादी चांगली यहुदी मुलगी बघ, असा सल्ला त्याला देतो. घरी बसून स्थळे सुचवणाऱ्या आत्या-मावश्यांच्या तोंडी शोभेल असे हे वाक्य एका पिशाचाच्या तोंडून येते, यातच त्याची मजा आहे.

पुढे रोझेनबर्ग त्याच्यावर चांदीच्या तीन गोळ्या झाडतो. ड्रॅक्युला शांतपणे उभा राहून समजावतो की चांदीच्या गोळ्या लांडग्याचे रूप घेणाऱ्या माणसांवर चालतात, त्याच्यासारख्यांवर चालत नाहीत. शिक्षकाने विद्यार्थ्याचा चुकलेला धडा दुरुस्त करावा तसा तो स्वर असतो. रिचर्ड बेंजामिन यांनी हा डॉक्टर इतक्या तळमळीने केला आहे की त्याला मुळीच खलनायक म्हणता येत नाही. तो खरेच बोलत असतो, फक्त ते खरे कोणाला पटत नाही, आणि मध्यंतरी त्यालाच वेड्यांच्या इस्पितळात ठेवले जाते.

भीती वाटण्यासारखे काही आहे का? मुलांबरोबर पाहता येईल का?

भीतिदायक दृश्ये नाहीत आणि रक्तही अगदी नावापुरते दिसते. मात्र त्या काळातल्या न्यूयॉर्कमधले स्त्रीपुरुषसंबंध आणि अमली पदार्थ यांविषयी मोकळी बोलणी आहेत. अमेरिकेत याला पालकांनी आपल्या विवेकाने दाखवावा अशा वर्गातले प्रमाणपत्र होते. तेरा वर्षांखालील मुलांसाठी सावध करणारा वेगळा वर्ग तेथे १९८४ मध्ये आला, म्हणून १९७९ चे हे प्रमाणपत्र पाहून लहान मुलांसाठीचा चित्रपट समजू नये. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांबरोबर पाहायला हरकत नाही, असे मला वाटते.

व्हॅम्पायर म्हणजे आपला वेताळच ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि या गोंधळाला बराच जुना इतिहास आहे. रिचर्ड बर्टन या इंग्रजाने १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत आणल्या तेव्हा शीर्षकात वेताळाला ‘व्हॅम्पायर’ म्हटले. दोघांमध्ये साम्य आहे ते प्रेताशी आणि रात्रीशी असलेल्या नात्यापुरते. युरोपातला व्हॅम्पायर स्वतःच मेलेला माणूस असतो, थडग्यातून उठतो, जिवंतांचे रक्त पितो आणि ज्याला चावतो त्याला आपल्यासारखे करतो. वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो, झाडाला लोंबकळतो, आणि रक्ताऐवजी राजाकडून उत्तर मागतो. शिवाय कोकणात आणि गोव्यात तर तो गावाचा राखणदार आहे. गोव्यात आमोणे येथे वेताळाचे देऊळ आहे, आणि रात्री गावाभोवती फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून त्याला नव्या वहाणा वाहण्याची रीत तिकडे आहे. ज्याला गाव वहाणा वाहते त्याची तुलना ज्याला गाव मशाली घेऊन हाकलते त्याच्याशी कशी करायची?

म्हणून मी या लेखात ‘व्हॅम्पायर’ हाच शब्द ठेवला आहे. ‘रक्तपिपासू’ हे विशेषण मराठीत जुलमी राज्यकर्त्यांसाठी इतके वापरले गेले आहे की प्रेमात पडलेल्या उमरावाला ते लावावेसे वाटत नाही.

न्यूयॉर्क शहराला या चित्रपटात इतके महत्त्व का आहे?

कारण ड्रॅक्युलाला भेटलेली खरी भयंकर गोष्ट तीच आहे. १९७५ मध्ये हे शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचले होते. १३ जुलै १९७७ च्या रात्री सगळ्या शहराची वीज गेली आणि अंधारात जाळपोळ व लुटालूट झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘स्टुडिओ ५४’ हा नृत्यगृहांचा राजा सुरू झाला होता. म्हणजे एकीकडे मोडकळीला आलेले शहर आणि दुसरीकडे पहाटेपर्यंत चाललेला नाच, अशी दोन्ही टोके एकाच वेळी तेथे नांदत होती. रात्री जागणाऱ्या आणि दिवसा झोपणाऱ्या माणसाला याहून सोयीचे गाव कोणते मिळणार? ड्रॅक्युलाला तेथे रक्तपेढीही सापडते, आणि शेवटाकडे चित्रपटातही शहराची वीज जाते, ज्याची धग त्या वेळच्या प्रेक्षकांच्या मनात अजून ताजी होती.

दिग्दर्शक ड्रॅगोटी यांचा या शहराशी आणखी एक संबंध आहे. ते मूळचे जाहिरातक्षेत्रातले, आणि शहराची गेलेली पत सावरण्यासाठी ‘आय लव्ह न्यूयॉर्क’ ही जी गाजलेली प्रचारमोहीम निघाली तिच्या जाहिराती त्यांनी दिग्दर्शित केल्या होत्या. त्या जाहिरातींमध्ये फ्रँक लँजेला हे नट, जे तेव्हा ब्रॉडवेवर ड्रॅक्युलाचे काम करत होते, झगा पांघरून येतात आणि हे शहर आपल्याला विशेषतः संध्याकाळी आवडते असे सांगतात. चित्रपट पाहताना ती जाहिरात आठवली की ड्रॅगोटींना ही कथा का जवळची वाटली असेल हे सहज समजते.

त्याच वर्षी ड्रॅक्युलावर आणखीही चित्रपट आले होते ना?

होय. १९७९ मध्येच फ्रँक लँजेला यांनी रंगमंचावरची आपली भूमिका जॉन बॅडम यांच्या ‘ड्रॅक्युला’मध्ये पडद्यावर आणली, आणि जर्मनीत व्हेर्नर हेर्त्सोग यांनी क्लाउस किन्स्की यांना घेऊन ‘नोस्फेरातू’ केला. लँजेलांचा ड्रॅक्युला मोहक आहे, किन्स्कींचा करुण आणि किळसवाणा आहे. हॅमिल्टन यांचा एकटाच असा आहे की ज्याला आपण घरी जेवायला बोलवू शकू. तिन्ही पाहिल्यास एकाच पात्राची तीन टोके एका वर्षात पाहायला मिळतात.

सिंडी हे पात्र मला फार उथळ वाटले. तुमचे मत काय आहे?

पहिल्यांदा पाहताना मलाही तसे वाटले होते. ती प्रसिद्ध मॉडेल आहे, गोंधळलेली आहे, मनोविकारतज्ज्ञाकडे उपचार घेते आणि त्याच डॉक्टरशी तिचे धड ना तुटणारे ना जुळणारे संबंधही आहेत. कोणाशी बांधले जाणे नको आणि एकटे राहणेही सोसत नाही, अशा कात्रीत ती सापडलेली आहे. सुझन सेंट जेम्स यांनी हे सगळे घाईघाईच्या, वाक्ये अर्धवट टाकणाऱ्या बोलण्यातून दाखवले आहे. त्यामुळे ऐकताना ते बाष्कळ वाटते, पण नीट कान दिला तर ती बाई सतत स्वतःलाच समजावत असते हे लक्षात येते.

तिच्या डॉक्टरला तिच्याशी लग्न करायचे आहे की नाही हे त्याचे त्यालाच ठरवता येत नाही. तिला शेवटी असा पुरुष भेटतो ज्याला आपल्याला काय हवे आहे याविषयी काही शतके शंका आलेली नाही. ती भुलते ते त्या ठामपणाला.

नृत्याच्या प्रसंगाबद्दल इतके का बोलले जाते?

कारण चित्रपटातली प्रेमकथा तेथे खरी होते. चकाकत्या कपड्यांतली गर्दी, फिरते दिवे आणि कानठळ्या बसवणारा ठेका यांच्यामध्ये ड्रॅक्युला काळ्या पोशाखात आणि झग्यात उभा असतो. आता याची फजिती होणार अशी आपली अपेक्षा असते. तो सिंडीला हाताशी धरून नाचाच्या जागेत उतरतो आणि नाचू लागतो. त्याचे नृत्य जुन्या दरबारी वळणाचे आहे, पण ठेका डिस्कोचा आहे, आणि दोन्ही एकमेकांत अशी बसतात की झग्याचा घेर तिच्याभोवती फिरतो तेव्हा बाकीचे सगळे नाचणारे मागे सरल्यासारखे वाटतात. हसवणारा चित्रपट तेवढी काही मिनिटे हसवणे थांबवतो. ड्रॅगोटी आणि हॅमिल्टन यांनी हे धैर्य दाखवले म्हणूनच पुढचे सगळे विनोद पचतात, अशी माझी ठाम समजूत आहे.

नृत्याचे गाणे काही प्रतींमध्ये वेगळे ऐकू येते, ते का?

मूळ चित्रपटात त्या प्रसंगाला ॲलिशिया ब्रिजेस यांचे १९७८ साली गाजलेले ‘आय लव्ह द नाइटलाइफ’ हे गाणे आहे. घरी पाहायच्या काही जुन्या प्रतींमध्ये ते काढून त्या जागी दुसरेच संगीत घातले गेले. पुढे निघालेल्या ब्लू-रे प्रतीत मूळ गाणे परत आले. शक्य असल्यास मूळ गाण्याचीच प्रत पाहावी, कारण पावले त्या ठेक्यावर पडतात. दुसऱ्या संगीतावर तीच पावले चुकल्यासारखी दिसतात आणि ज्या प्रसंगावर चित्रपट उभा आहे तोच लंगडा होतो.

आज पाहताना खटकण्यासारखे काय आहे?

आहे, आणि ते लपवून शिफारस करणे मला योग्य वाटत नाही. हार्लेममधली कृष्णवर्णीय पात्रे बहुतेक वेळा ठरीव साच्यातली आहेत. वटवाघळाच्या रूपातला ड्रॅक्युला एका गरीब घरात शिरतो आणि भुकेले कुटुंब त्याला कोंबडी समजून त्याच्यामागे लागते, हा प्रसंग मला आता पाहवत नाही, कारण तेथे गरिबीला हसायचे असते. चर्चमधल्या धर्मगुरूचे काम शर्मन हेम्सली यांनी आणि न्यायाधीशाचे इझाबेल सॅनफर्ड यांनी केले आहे. ही जोडी अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘द जेफरसन्स’ या मालिकेमुळे घरोघरी पोहोचलेली होती. दोघेही आपापले छोटे काम चोख करतात, पण त्यांच्या वाट्याला पटकथेने आणखी काही द्यायला हवे होते.

चित्रपट चालला का? पुरस्कार मिळाले का?

उत्तम चालला. खर्च माफक असूनही त्याने अमेरिकेत चार कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला, आणि वितरक कंपनीच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या यशांपैकी तो एक ठरला. हॅमिल्टन यांना गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले. विज्ञानकथा, अद्भुत आणि भयपटांसाठीच्या सॅटर्न पुरस्कारांमध्ये हॅमिल्टन, आर्टी जॉन्सन आणि रूपभूषाकार टटल यांचा गौरव झाला. दुसरा भाग काढण्याची चर्चा पुढे बरीच वर्षे चालली, पण तो निघाला नाही. हॅमिल्टन यांनी १९८१ मध्ये झोरोवरचा विनोदी चित्रपट केला आणि ड्रॅगोटी यांनी १९८३ मध्ये ‘मिस्टर मॉम’ हा यशस्वी चित्रपट दिला.

तीन चाव्यांचा नियम काय आहे? (येथून पुढे शेवट उघड होतो.)

या चित्रपटापुरता नियम असा आहे की एका चाव्याने कोणी व्हॅम्पायर होत नाही, तीन व्हावे लागतात. वरवर पाहता ही पटकथेची सोय आहे, पण तिच्यामुळे प्रेमकथेला पायऱ्या मिळतात. पहिला चावा सिंडीला कळतही नाही. प्रेमाच्या भरात झालेली ही एक वेगळी तऱ्हा, एवढेच ती समजते आणि तिला ते आवडते. आजच्या नजरेने पाहता हा चावा तिला न विचारता घेतलेला आहे, आणि हे बोचायलाच हवे. परंतु त्यानंतर पटकथा तिला हळूहळू सारे काही कळू देते: हा कोण आहे, याच्याबरोबर गेल्यास ऊन, सकाळ, ओळखीचे आयुष्य यांना कायमचे मुकावे लागेल. तिसऱ्या चाव्याच्या वेळी ती हे सगळे जाणून ‘हो’ म्हणते. मूळ कादंबरीत पुनर्जन्माचा धागा नाही. येथे तो आहे, आणि आपल्या प्रेक्षकाला तो ओळखीचा वाटेल. तरीही मागच्या जन्मीची प्रेयसी म्हणून सिंडीवर काही लादले जात नाही. या जन्मीचा होकार तिचा तिलाच द्यावा लागतो.

शेवट नेमका काय होतो?

वीज गेलेल्या शहरातून ड्रॅक्युला आणि सिंडी टॅक्सीने विमानतळाकडे निघतात. मागे रोझेनबर्ग आणि पोलीस अधिकारी फर्ग्युसन असतात. फर्ग्युसनचे काम डिक शॉन यांनी केले आहे, आणि डॉक्टर खरे सांगतो आहे हे पटलेला तो पहिला माणूस आहे. शवपेटी लंडनऐवजी चुकून जमैकाला रवाना होते आणि दोघांचे विमान चुकते. धावपट्टीवर सिंडी होकार देते. रोझेनबर्ग ड्रॅक्युलाच्या छातीत ठोकायचा लाकडी खुंटा घेऊन धावत येतो आणि पूर्ण ताकदीने मारतो, पण खुंट्याला लागतो तो केवळ झगा. दोन वटवाघळे वर उडालेली असतात.

मग आकाशातून तरंगत खाली येणाऱ्या कागदाचा अर्थ काय?

तो धनादेश आहे. सिंडीच्या उपचारांचे रोझेनबर्गचे भले मोठे बिल थकलेले असते, आणि ते ड्रॅक्युलाने जाताजाता पुरते चुकते केले आहे. जुन्या घराण्यातला माणूस दुसऱ्याची उधारी ठेवून गाव सोडत नाही. ज्याने त्याची शवपेटी जाळायचा प्रयत्न केला, गोळ्या झाडल्या, त्याचेही देणे तो ठेवत नाही. धावपट्टीवर रोझेनबर्गच्या एका हातात तो धनादेश असतो आणि दुसऱ्या हातात भोक पडलेला झगा. फर्ग्युसन तो झगा त्याच्याकडे मागतो, कारण त्याच्या लग्नाचा वाढदिवस जवळ आलेला असतो आणि बायकोसमोर त्याला जरा रुबाबदार दिसायचे असते. दोघे बोलत बोलत धावपट्टीवरून निघून जातात, आणि वर अंधारात दोन वटवाघळे जमैकाच्या दिशेने, म्हणजे आपल्या पेटीच्या मागे, उडत असतात.